एक्स-रे कोरा, तरी हाड दुखतंच : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सांध्यांच्या सोनोग्राफीवर लिहिलं, आणि पत्रं आली ती बहुतेक हाडातल्या पुवाची. गावाकडे हाड्याव्रण म्हणतात तो. डॉक्टरांच्या कागदावर त्याचं नाव ऑस्टिओमायलायटिस. प्रश्न वेगवेगळे असले तरी राग साधारण एकच आहे : पैसे भरून फोटो काढला, त्यात काही निघालं नाही, किंवा जे निघालं ते कळलं नाही. मी लातुरात बसून हे फोटो वाचते. औषध कोणतं आणि ऑपरेशन कधी, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. कोणता फोटो कधी बोलतो आणि कधी गप्प बसतो, एवढं मात्र मी सांगू शकते. पत्रं लांब होती, कापली आहेत. नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, लेकरू माझ्याजवळ. खेळताना पडला. दुसऱ्या दिवशी ताप आला, गुडघ्याच्या वर दुखायला लागलं, पाय टेकवेना. गावातल्या एकानं लचक भरली म्हणून तेल लावून चोळलं. तिसऱ्या दिवशी तालुक्याला एक्स-रे काढला, तर नॉर्मल म्हणाले. ताप हटेना म्हणून पुढे पाठवलं. तिथं एमआरआय काढला आणि हाडात पू आहे म्हणून लगेच भरती केलं. आता बरा आहे. पण पहिला एक्स-रे चुकीचा वाचला का? आणि सरळ एमआरआयच का नाही सांगितला?
— केज तालुक्यातून एक आजी (पत्र शेजारच्या बाईंनी लिहून दिलं)

उत्तर : आजी, लेकरू बरं आहे ही ओळ मी आधी शोधली, मग बाकीचं पत्र वाचलं.

तिसऱ्या दिवशीचा एक्स-रे कोराच येणार होता. कुणीही वाचला असता तरी. एक्स-रेत हाड दिसतं ते त्यातल्या चुन्यामुळं, म्हणजे कॅल्शियममुळं. जंतू हाडात शिरले की पहिल्या दिवशी काही हाड विरघळत नाही. एखाद्या जागचा तीस ते पन्नास टक्के चुना निघून गेल्याशिवाय ती जागा फिल्मवर काळसर दिसत नाही, आणि त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. हाडावरच्या पातळ आवरणाखाली नव्या हाडाची रेघ उमटायलाही तितकाच वेळ जातो. म्हणून तालुक्याच्या त्या ‘नॉर्मल’चा खरा अर्थ होता, ‘मोडलेलं नाही’. माझी तक्रार आहे ती त्या एका शब्दाबद्दल. ताप असलेल्या, पाय न टेकवणाऱ्या लेकराच्या रिपोर्टवर नुसतं नॉर्मल लिहू नये. ‘मोड नाही, जंतुसंसर्गाची शंका असेल तर पुढची तपासणी करावी’ एवढं लिहायला किती शाई लागते?

तरीही एक्स-रे आधी काढायचाच असतो. तो स्वस्त आहे, तालुक्याला मिळतो, आणि मोड आहे की नाही हे तिथल्या तिथं सांगतो. लहान वयातला हाडाचा एक कर्करोग, युइंग नावाचा, तापासकट हुबेहूब संसर्गाचं सोंग घेतो. त्याच्या खुणा कधी कधी साध्या एक्स-रेतच सापडतात. शिवाय पुढे पंधरा दिवसांनी फिल्म काढली तर ताडून बघायला पहिली हाताशी लागते.

आता एमआरआय. लेकराच्या हाडाच्या पोकळीत मगज असतो. त्यात चरबी असते, आणि जंतू आले की तिथं सूज येते, म्हणजे पाणी साचतं. एमआरआयला पाणी आणि चरबी यातला फरक फार लवकर कळतो. चुना हलायच्या कितीतरी आधी, तीन ते पाच दिवसांत, कधी त्याहून लवकरही, तिथं बदल दिसतो. गुडघ्याच्या वरच का, हेही तुम्ही विचारलंय. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ, वाढीच्या चकतीलगत, अगदी बारीक रक्तवाहिन्यांची वळणं असतात आणि तिथं रक्त संथ वाहतं. रक्तातून फिरणारे जंतू तिथं बसतात. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक सगळ्यात जोमानं वाढतात, म्हणून गुडघ्याच्या आसपास हा आजार जास्त. पडणं हे पुष्कळदा निमित्त असतं. आठ वर्षांचं पोर रोजच कुठंतरी पडतं, त्यामुळं प्रत्येक घरी एक पडण्याची गोष्ट तयार असते, आणि तापाकडं दुर्लक्ष होतं. लचक भरल्यानं ताप येत नाही. चोळायचं तर मुळीच नाही.

एक तपासणी तुमच्या पत्रात नाही, पण तालुक्यालाही ती होऊ शकते : सोनोग्राफी. हाडाच्या आतलं तिला दिसत नाही. पण हाड आणि त्याचं आवरण यांच्यामध्ये पू साचला असेल तर तो दिसतो, खुब्याच्या सांध्यात पाणी झालं असेल तर तेही दिसतं, आणि तिथल्या तिथं सुई घालून थेंबभर काढताही येतं. खुब्यात पू असेल तर ते काम त्याच दिवशी करायचं, सकाळची वाट बघायची नाही. मात्र सोनोग्राफी चांगली आली म्हणून हाड चांगलं असं धरू नका.

पत्राच्या शेवटी बाईंनी विचारलंय की एमआरआयला लातूरपर्यंत यायला वेळ लागतो, तोवर औषध थांबवायचं का. नाही. लेकरू तापानं फणफणलेलं असेल तर आधी रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, घ्यायचं आणि मग लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं. एक-दोन दिवस औषध झालं म्हणून एमआरआयतली सूज पुसली जात नाही. रक्तातले जंतू मात्र दोन डोसांतही सापडेनासे होतात. म्हणून घाई रक्ताच्या बाटलीची करायची. फोटो दुसऱ्या दिवशी निघाला तरी चालतो.

आणखी एक. तीन आठवड्यांनी पोराचे आई-बाप कारखान्यावरून येतील, तेव्हा डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढतील आणि त्यात हाड पहिल्यापेक्षा वाईट दिसेल. पोरगं अंगणात पळतंय आणि फिल्मवर हाड पोखरलेलं! घाबरू नका. जे नुकसान दुसऱ्या आठवड्यात झालं ते एक्स-रेत आता दिसतंय. ताप, दुखणं आणि सीआरपी (अंगातली सूज किती हे सांगणारी रक्ततपासणी), या तिन्हींवर लक्ष ठेवा. वाढीच्या चकतीजवळचा आजार आहे, म्हणून पाय सरळ आणि बरोबरीनं वाढतोय ना, हे मात्र पुढची काही वर्षं दाखवत राहा.

प्रश्न : १९९३ च्या भूकंपात माळवद अंगावर येऊन उजवी नडगी मोडली, हाड बाहेर आलं होतं. सोलापूरला ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी घातली, पुढे काढली. तेव्हापासून वर्षा-दोन वर्षांनी नडगीवर एक भोक पडतं, पू येतो, गोळ्या घेतल्या की बंद होतं. मधे हाडाची कपरीही निघाली. आता नवे डॉक्टर सीटी काढा म्हणतात. पुतण्या पुण्यात असतो. तो म्हणतो सीटी जुनं झालं, एमआरआय काढा. कुणाचं ऐकू?
— औसा तालुका

उत्तर : ३० सप्टेंबरची ती पहाट इकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. दगडमातीच्या भिंती आणि वर हात-हातभर मातीचं माळवद. त्याखाली सापडलेले पाय पुढे कितीतरी वर्षं आमच्या फिल्मांवर येत राहिले. उघड्या जखमेत माती गेलेली, आणि उपचाराला हात कमी.

डॉक्टरांचं ऐका. निघालेली कपरी हेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. हाडाचा एखादा तुकडा रक्त न मिळाल्यानं मरतो आणि आतच राहतो. त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. बाभळीचा काटा टाचेत मोडून राहिला की जखम वरून बुजते आणि पुन्हा पिकते, तसं हे आहे. रक्तच पोहोचत नाही म्हणून गोळीचं औषधही तिथं पोहोचत नाही. शरीर त्या तुकड्याभोवती नव्या हाडाची जाड भिंत घालतं, आणि त्या भिंतीतल्या भोकातून पू बाहेर येत राहतो. गोळ्यांनी भोक बंद होतं, तुकडा तसाच.

हा तुकडा शोधण्यात सीटीचा हात कुणी धरत नाही. साध्या एक्स-रेत पुढचं-मागचं हाड एकावर एक पडतं आणि तुकडा त्या जाड भिंतीमागं लपतो. सीटी हाडाचे मिलिमीटरभर जाडीचे काप दाखवतो. मेलेला तुकडा आसपासच्या हाडापेक्षा पांढरा, सुटा आणि पोकळीत पडलेला दिसतो. तो पांढरा राहतो, कारण रक्त नसल्यानं त्यातला चुना कुणी वाहून नेत नाही. सर्जनला हात कुठं घालायचा हे त्यावरून ठरतं. एमआरआयमध्ये मगजात संसर्ग किती लांब पसरलाय ते छान कळतं, पण लहानसा मेलेला तुकडा सुटू शकतो. त्यात तुमची पट्टी काढली असली तरी ड्रिलचे बारीक धातूकण हाडात राहतात आणि एमआरआयवर तेवढी जागा काळी पडते. ऑपरेशनच्या आधी सर्जन दोन्ही मागू शकतात, तेव्हा पुतण्याचंही समाधान होईल.

जुन्या फिल्म टाकल्या नसतील अशी आशा आहे. बुरशी लागलेली असली तरी आणा. १९९३ पासूनच्या चार फिल्म शेजारी लावल्या की कोणता बदल जुना आणि कोणता नवा हे पाच मिनिटांत कळतं, आणि ते कुठल्याही नव्या मशीनला एकट्यानं कळत नाही. भोकातला वरवरचा पू कापसावर घेऊन कल्चरला देतात, त्यावर फार विसंबू नका. त्यात कातडीवरचे जंतूच जास्त येतात. ऑपरेशनच्या वेळी आतल्या हाडाचा तुकडा कल्चरला गेला पाहिजे, असं आधीच विचारून ठेवा.

शेवटचं जरा कठोर आहे. इतक्या वर्षांच्या भोकाच्या कडा जाड होऊन वर आल्या, रक्त येऊ लागलं, वास बदलला किंवा दुखणं अचानक वाढलं, तर वाट बघू नका. जुन्या वाहत्या जखमेत क्वचित कातडीचा कर्करोग होतो. तो सीटीतही खात्रीनं कळत नाही आणि एमआरआयतही नाही. कडेचा तुकडा काढून तपासावा लागतो.

प्रश्न : आमच्या यांना बरीच वर्षं शुगर आहे. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला जखम आहे, दोन महिने झाले. पाय सुजलाय, गरम लागतो, पण दुखत अजिबात नाही. एमआरआयच्या रिपोर्टवर लिहिलंय, ‘ऑस्टिओमायलायटिस किंवा शार्को, क्लिनिकल कोरिलेशन करावे’. एवढे पैसे घेऊन हे किंवा ते? शिवाय क्रिएटिनिन वाढलेलं म्हणून रंगाचं इंजेक्शन दिलं नाही. मग फोटो अर्धवट निघाला का?
— परभणी

उत्तर : ताई, न दुखणं हीच इथली काळजीची गोष्ट आहे. शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या की हाडं बारीक-बारीक मोडत राहतात आणि माणूस चालत राहतो. सांधे ढासळतात, पाय लाल, गरम, सुजलेला होतो. त्याला शार्कोचा पाय म्हणतात. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात बधिर सांध्यांचं हे वर्णन केलं. जखमेतून जंतू हाडात गेले तरी पाय असाच दिसतो. दोन्हींत मगजात पाणी साचतं, म्हणून एमआरआयवर दोन्ही चमकतात. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे पेशंट तपासून ताडून बघा. रिपोर्ट लिहिणाऱ्याची बाजू मी घेणार, पण अर्धीच.

अर्धी यासाठी, की त्याला बहुधा तुमच्या यांची जखम कुणी दाखवलीच नाही. माझ्याकडे रोज अशा चिठ्ठ्या येतात. त्यावर लिहिलेलं असतं ‘एमआरआय फूट’, आणि खाली सही. जखम कुठं आहे, किती दिवसांची, शुगर किती, कोणतं औषध चालू, काही नाही. जंतुसंसर्ग जवळजवळ नेहमी जखमेच्या थेट खालच्या हाडात होतो : बोटं, बोटांच्या मुळाची हाडं, टाच. शार्को बहुतेक वेळा पायाच्या मधल्या भागातले सांधे धरतो आणि तिथली कातडी बऱ्याचदा शाबूत असते. तुम्ही लिहिलंय जखम अंगठ्याच्या मुळाशी. एमआरआयवरची चमक त्याच जखमेखालच्या हाडात असेल, आणि जखमेपासून हाडापर्यंत पुवाची वाट दिसत असेल, तर पारडं संसर्गाकडं झुकतं. चमक तिथं नसून मधल्या सांध्यांत असेल तर शार्कोकडं. जखमेचा फोटो आणि जागा कळवून त्याच केंद्राकडून रिपोर्टची पुरवणी मागा. नवा एमआरआय नको. मागायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांकडून फोन करवा.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, रिपोर्ट वाचताना उपयोगी पडेल. एमआरआयत एकाच जागेचे निरनिराळे फोटो काढतात. एका प्रकारात पाणी पांढरं चमकतं. दुसऱ्या प्रकारात, ज्याला टी-वन म्हणतात, मगजातली चरबी पांढरी दिसते. फक्त पहिल्यात चमक असेल आणि टी-वनवर मगज पांढराच राहिला असेल, तर ती बऱ्याचदा शेजारच्या आजाराची नुसती सूज असते. टी-वनवरही ती जागा सलग काळी झाली असेल, तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते. रिपोर्टात टी-वनचा उल्लेख आहे का बघा, नसेल तर विचारा.

रंगाच्या इंजेक्शनबद्दल त्यांनी बरोबर केलं. एमआरआयत देतात ते गॅडोलिनियम. किडनी फार कमजोर असेल, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) तीसच्या खाली असेल, तर जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमनं कातडी आणि आतले अवयव कडक होण्याचा एक दुर्मीळ पण भयंकर आजार होऊ शकतो. नव्या प्रकारांत हा धोका खूपच कमी आहे, तरी जपूनच देतात. पायाच्या हाडात संसर्ग आहे की नाही, याचं उत्तर साध्या एमआरआयत मिळतं. इंजेक्शन लागतं ते पुवाची पिशवी किंवा मेलेला भाग नेमका आखायला.

आणि ज्या तपासणीला जवळपास काहीच खर्च नाही ती झाली का, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. निर्जंतुक बोथट सळई जखमेत हळूच घालतात. टोक हाडाला टेकलं, टक्क लागलं, तर संसर्गाची शंका बळावते. सोबत ईएसआर, म्हणजे सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी, सत्तरच्या वर असेल तर आणखी. पाय उशांवर उंच ठेवून काही मिनिटांनी बघा : शार्कोची लाली बरीच उतरते, संसर्गाची सहसा उतरत नाही. एवढ्यानंही ठरलं नाही तर हाडाचा तुकडा काढून तपासायचा. तोवर यांना त्या पायावर भार देऊ देऊ नका. दुखत नाही म्हणून ते दूध आणायला निघतील, तुम्हीच अडवायचं.

प्रश्न : वय ४५, शेळ्या आहेत, थोडी शेती. चार महिन्यांपासून कंबर दुखते, रात्री ताप आणि घाम. एमआरआयत कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात संसर्ग, ‘टीबीची शक्यता’ लिहिलंय. डॉक्टर म्हणतात सुई घालून तुकडा काढू. मेव्हणा म्हणतो मणक्यात सुई घातली की पाय जातात, सरळ टीबीच्या गोळ्या सुरू कर.
— कळमनुरी तालुका

उत्तर : आपल्याकडे मणक्याचा संसर्ग म्हटलं की टीबी आधी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या पत्रातल्या ‘शेळ्या आहेत’ या दोन शब्दांवर मी थांबले. मागच्या वर्षभरात एखादी शेळी किंवा म्हैस गाभडली का? तिचं वार हातानं काढलं का? कच्चं दूध पिता का? ब्रुसेला नावाचा जंतू असाच जनावरांकडून येतो, रात्रीचा ताप-घाम देतो आणि कमरेचे खालचे मणके धरतो. टीबी बऱ्याचदा पाठीच्या मधल्या-खालच्या मणक्यांत असतो, मणका ढासळवतो, बाजूला पुवाची मोठी पिशवी करतो आणि मधली चकती बराच काळ वाचवतो. ब्रुसेलात मणक्याचा आकार बहुधा टिकतो आणि पू कमी. पण हे ‘बऱ्याचदा’ आणि ‘बहुधा’ आहे. नुसत्या फोटोवरून जंतूचं नाव सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो माझाच सहकारी का असेना.

मेव्हण्याच्या सल्ल्यात खोच अशी, की टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. म्हणजे आजार ब्रुसेलाचा असला तरी गोळ्यांनी थोडं बरं वाटेल, टीबीचं निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटेल, आणि अर्धवट उपचारात महिने जातील. ब्रुसेलाची रक्ततपासणी वेगळी आहे, ती मागून घ्या.

सुईबद्दल. ती सीटीवर बघत-बघत, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन, पाठीच्या बाजूनं मणक्यात किंवा पुवात नेतात. मज्जारज्जूचा रस्ता टाळूनच मार्ग आखतात. शिवाय प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. चौथ्या-पाचव्यापाशी नुसत्या नसा असतात. धोका शून्य नाही, पण पाय जाण्याची भीती सुईपेक्षा न तपासलेल्या आजाराची जास्त धरावी. पायात ताकद कमी वाटली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे नातेवाइकानं उभं राहून बघायचं : तुकडा दोन डब्यांत गेला पाहिजे. एक फॉर्मॅलिनमध्ये, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरा निर्जंतुक कोरड्या डबीत किंवा सलाइनमध्ये, कल्चर आणि सीबीनॅटसाठी. सगळाच माल फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात, कल्चर होतच नाही, आणि पुन्हा सुई घ्यावी लागते. सीबीनॅट काही तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे सांगतं. सरकारी यंत्रणेत ते मोफत होतं. आणि सुईच्या आधी कुणी सहज म्हणून अँटिबायोटिक दिलं असेल तर लपवू नका. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर ते काही दिवस थांबवून मग सुई घेतील, म्हणजे जंतू सापडायची शक्यता वाढते.

प्रश्न : मणक्याचा टीबी, तपासून पक्का झालेला. तीन महिने गोळ्या चालू आहेत. वजन वाढलं, ताप गेला, झोप लागते. हौसेनं एमआरआय काढला तर ‘विशेष फरक नाही’. औषध लागू पडत नाही का?
— जालना

उत्तर : लागू पडतंय, तुमचं वजन सांगतंय. हाडातली सूज एमआरआयवर महिनोन् महिने रेंगाळते, सुरुवातीच्या आठवड्यांत तर वाढलेलीही दिसू शकते. पुवाची पिशवी लहान होते का आणि मज्जारज्जूवरचा दाब कमी होतो का, हे बघायचं असतं. तब्येत सुधारत असेल तर हौसेचा एमआरआय नको; पैसे खुराकावर घाला. निक्षयमध्ये, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीत, नाव असेल तर महिन्याला एक हजार रुपये पोषणासाठी मिळतात, खात्यावर येतात का बघा. मणक्याच्या टीबीचा कोर्स सहसा बारा महिन्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून सहाव्या महिन्यात सोडू नका.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे सिकलसेलची मुलं आहेत. हाड दुखलं की ते सिकलचं दुखणं की संसर्ग, हे कोणत्या फोटोत कळतं?
— किनवट

उत्तर : प्रश्न अवघड आहे आणि बरोबर व्यक्तीनं विचारलाय. खात्रीनं वेगळं करणारा फोटो नाही. सिकलसेलमध्ये रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त अडकून हाडाचा भाग मरतो, तो एमआरआयवर संसर्गासारखाच दिसतो. संसर्गापेक्षा हेच कितीतरी जास्त वेळा होतं. पण ताप उतरत नसेल, एकाच जागी सूज आणि दुखणं वाढत असेल, सीआरपी चढत असेल, तर थांबू नका. रक्ताचं कल्चर, सोनोग्राफीत हाडालगत पाणी दिसलं तर सुईनं तो नमुना. या मुलांमध्ये साल्मोनेला हा टायफॉइडच्या कुळातला जंतू हाडात सापडतो, म्हणून चिठ्ठीवर ‘सिकलसेल’ हा शब्द ठळक लिहून पाठवा.

थोडक्यात काही. पायात रॉड आहे, एमआरआय चालेल का, असं अनेकांनी विचारलंय. हाडात पक्का बसवलेला रॉड किंवा पट्टी असेल तर बहुधा चालतो. रॉडच्या आसपासचा भाग मात्र काळा-वाकडा येतो. तो कमी करण्याच्या पद्धती आहेत, म्हणून रॉड आहे हे आधी सांगा आणि ऑपरेशनचा कागद आणा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र, किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, हे विचारलं नाही तरी सांगायचं. करदोडा, ताईत, जोडवी, सेफ्टी पिन आणि खिशातली चुन्याची डबी बाहेर. चुन्याची डबी सगळ्यात जास्त विसरली जाते.

ज्यांना बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन सांगितलाय त्यांच्यासाठी : बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात. ते हाडात जिथं उलाढाल चालू आहे तिथं जमतं, आणि संसर्ग एक-दोन दिवसांतच दाखवू शकतं. पण मोड, संधिवात, नुकतंच झालेलं ऑपरेशन, सगळीकडं ते जमतं, म्हणून एकट्यावर निदान होत नाही. एमआरआय करता येत नसेल किंवा अंगात कुठं-कुठं आजार आहे हे शोधायचं असेल, तेव्हा ते कामाचं. पेट स्कॅनमधलं औषधही किरणोत्सर्गी असतं आणि ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळं दिलेली वेळ चुकवली तर डोस वाया जातो. निघताना एसटीचा भरवसा धरू नका. अंगावर पाजणाऱ्या आईनं दोन्हीच्या आधी सांगायचं, बाळाला किती वेळ जवळ घ्यायचं नाही ते केंद्रवाले सांगतील.

आणि ज्या पाच-सहा जणांनी फिल्म खिडकीला धरून तिचा मोबाइलवर फोटो काढून पाठवलाय, त्यांना उत्तर देता येणार नाही. त्यात खिडकीचे गज मला नीट दिसले, हाड दिसलं नाही. केंद्राकडून सीडी किंवा लिंक मागा, तो तुमचा हक्क आहे. ती आपल्या डॉक्टरांना द्या, आणि सोबत एका कागदावर दुखणं सुरू झाल्याची तारीख आणि पहिलं अँटिबायोटिक घेतल्याची तारीख लिहा.